मातीला

वऱ्हाडात कोणी "मातीला चाललो" असे म्हणाला की ऐकणारा कारण विचारीत नाही. मजुराला मुकादमाकडून, कारकुनाला साहेबाकडून आणि प्रवाशाला सोबत्याकडून त्या एका शब्दावर रजा मिळते. मार्गशीर्षातल्या एका दुपारी मूर्तिजापूरच्या स्थानकाबाहेर आम्ही चहा घेत उभे असता माझ्या स्नेह्याने कानाचा फोन खाली घेतला, कपातला उरलेला चहा मुकाट्याने जमिनीवर ओतला आणि हाच शब्द उच्चारला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मेळघाटात जाऊन कोरकूंचे कोरीव मृतस्तंभ पाहण्याचा आमचा बेत आपोआप मागे पडला. त्याचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, ऐंशी उलटलेले, तासाभरापूर्वी दर्यापूर तालुक्यातल्या आपल्या गावी वारले होते. ज्या घराची मला ओळख नाही तिथे अशा प्रसंगी जाऊन उभे राहावे की नाही या संकोचात मी असता तो एवढेच म्हणाला, "मातीले कोनी पाहुणा नसते, भाऊ. चला."

मूर्तिजापुराहून दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची आगगाडी, जिला सारा वऱ्हाड लाडाने 'शकुंतला' म्हणत असे, ती आता धावत नाही. तेव्हा काळीपिवळीत बसून निघालो. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावे या पट्ट्यात येतात. जमीन काळीभोर आणि खोल, परंतु विहिरीचे पाणी इतके खारट की त्याने ना तहान भागते ना डाळ शिजते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटली होती. वाटेत दोन ठिकाणी बाया वेचणी थांबवून ओटीतला कापूस बांधावर उतरवून ठेवताना दिसल्या, आणि स्नेही म्हणाला, "या आमच्याच गावच्या. वर्दी पोचली."

मृत्यूची वर्दी ही एकेकाळी कोतवालाची बाब होती. तो घरोघरी सांगे, पाटलाला कळवी आणि मग नोंद होई; वऱ्हाडातील जुन्या जन्ममृत्यूच्या त्या नोंदींना आजही लोक 'कोतवाल बुक' म्हणतात, आणि जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल मिळवण्याकरिता तहसिलीत खेटे घालणारी तरुण मुले मी अमरावतीत पाहिली आहेत. आजोबा कोणत्या साली जन्मले हे घरात कोणाला ठाऊक नसते. ते सरकारदप्तरी ठाऊक असते.

घराच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या प्रथम ध्यानात आले ते हे, की त्या घरचे लोक काहीच करीत नव्हते. पुतण्या येताच त्याला पाणी दिले ते शेजारणीने. अंगणात फाऱ्या अंथरल्या त्या भावकीतल्या पोरांनी. कोणाला कळवायचे याची यादी मास्तरांनी केली. बैलांना पेंडी टाकायला समोरच्या घरचा सालदार आला. मृताचा मुलगा ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता आणि तो उठू लागला की कोणीतरी खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवीत होते. चूल तर विझलेलीच. ज्या घरात माणूस गेले त्या घराने त्या दिवशी हात हलवायचा नाही, असा हा अलिखित कायदा आहे, आणि त्याची अंमलबजावणी मी नंतर पाहिलेल्या कोणत्याही सरकारी बंदोबस्ताहून चोख होती.

धाकटी लेक सुरतेस दिलेली. ती रात्रीच्या गाडीने निघून सकाळी बडनेऱ्यास उतरणार, आणि लेकी आल्यावाचून मयत उचलायची नाही हे तर ठरलेलेच. म्हणून रात्र जागवायची होती. म्हातारा भुईवर, दक्षिणोत्तर निजवलेला. उशाशी दिवा, उदबत्तीचा पुडा, आणि कोणी ठेवला ते न कळे, पण त्याचा नेहमीचा चुन्याचा डबा. माजघरात बाया, ओसरीवर वडीलधारे, आणि अंगणात पऱ्हाटीची शेकोटी करून बसलेली तरुण मंडळी, असे त्या रात्रीचे तीन भाग आपसूक पडले.

दहाच्या सुमारास मृताची बहीण आली. वाकून, काठी टेकीत, दोघींच्या आधाराने ती उंबरठ्यापर्यंत अगदी शांतपणे आली. उंबरठा ओलांडला आणि तिने हेल काढला. त्या हेलात शब्द होते. "बैलाले हाक कोन मारीन रे दादा, माह्या दिवाईले गाडी घेऊन कोन येईन रे दादा..." एकेक आठवण एकेका चरणासारखी येई, प्रत्येक चरण 'दादा'वर टेकत असे, आणि बाकीच्या बाया त्या 'दादा'वर आपला स्वर मिळवीत. पाच-सात मिनिटे हे चालले. मग तिने पदराने तोंड पुसले आणि अगदी नेहमीच्या आवाजात शेजारणीला विचारले, "पोराईनं च्या घेतला का वं?" घटकाभराने दुसरी कोणी नातलग दारात आली तेव्हा हेल पुन्हा तिथूनच उचलला गेला. शहरातला माणूस याला दांभिकपणा म्हणेल. मला तो शोकाचा शिस्तबद्ध वाटा वाटला: येणाऱ्या प्रत्येकीला रडण्याचा हक्क आहे, आणि ती एकटी रडणार नाही याची हमी आधीच बसलेल्यांनी द्यायची.

आयर्लंडच्या खेड्यांतील मृताच्या जागरणाविषयी मी पूर्वी वाचले होते, त्याची त्या ओसरीवर पदोपदी आठवण होत होती. तिथेही प्रेताला रात्रभर एकटे सोडीत नसत. घरातले घड्याळ मृत्यूच्या वेळेवर थांबवीत, आरसा झाकीत, आत्म्याला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडीत, आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी मातीच्या चिलमी व तंबाखू भरून ठेवीत. बायका सूर लावून मृताचे गुण गात. सिंज यांच्या 'रायडर्स टू द सी' या १९०४ सालच्या एकांकिकेचा शेवट त्याच आक्रंदनात होतो. तिथले तरुण मात्र जागरणाच्या रात्री खेळ खेळत, थट्टामस्करी करीत, दारू पीत, आणि त्यामुळे सतराव्या शतकापासून तिथल्या धर्मपीठाने या जागरणांविरुद्ध एकामागून एक फतवे काढले. लोकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि खेळ चालूच ठेवले. इकडच्या अंगणात खेळ नव्हते, परंतु शेकोटीभोवती हशा होता. म्हाताऱ्याने एकदा पोळ्याच्या दिवशी पाटलाच्या बैलाची झूल चुकून आपल्या बैलावर कशी घातली याची कथा तीनदा सांगितली गेली, आणि दर वेळी झूल अधिक भरजरी होत गेली. ओसरीवरून एका वृद्धाने दटावले तेव्हा क्षणभर शांतता झाली, आणि मग त्यानेच विचारले, "झूल लाल होती का हिरवी?" मृताचा मुलगा त्या रात्री प्रथमच हसला.

मध्यरात्रीनंतर भजनी मंडळी बसली. टाळ, मृदंग, एक खंजिरी. वऱ्हाडात खंजिरी म्हटली की तुकडोजी महाराजांची आठवण अपरिहार्य आहे, आणि त्यांच्या ग्रामगीतेने विवाहाप्रमाणे अंत्यसंस्कारालाही एक संपूर्ण अध्याय दिला आहे हे मला तिथे एका भजनी बुवांनीच सांगितले. १९५५ साली निघालेला हा एक्केचाळीस अध्यायांचा ग्रंथ, गावाने गाव कसे चालवावे याचा. त्यात मेलेल्या माणसाची व्यवस्था हीही ग्रामव्यवस्थेचीच बाब धरली आहे, हे मला त्या ग्रंथाचे मोठेपण वाटते. महाराजांचा स्वतःचा अंत ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे झाला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. आणि तेव्हापासून त्यांच्या पुण्यतिथीला नागपूरच्या हमरस्त्यालगत त्याच मिनिटाला अफाट जनसमुदाय निःशब्द उभा राहतो. घड्याळ थांबवण्याची याहून मोठी तऱ्हा आयर्लंडातही नसेल.

पहाटे बांबू आले. ताटी बांधणे हे ज्याला त्याला येत नाही. दोन लांब बांबूंवर आडव्या कामट्या, सुतळीचा प्रत्येक वेढा उलटा, आणि गाठ मारताना मध्येच कोणी हात बदलायचा नाही. बांधणारे दोघे वृद्ध एकमेकांशी न बोलता काम करीत होते आणि बाजूला उभे असलेले चार तरुण त्यांच्या बोटांकडे पाहत होते. वर कडबा अंथरला, त्यावर कोरे कापड. सुरतेची लेक नऊला पोचली. तिने आधी हेल काढला नाही. बापाच्या पायांशी बसून तिने त्यांचे अंगठे हातांत धरले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी खांदा देईन."

त्यावर क्षणभर सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. भावकीतल्या एकाने "आपल्यात नाई तसं" म्हणून पाहिले. तेवढ्यात माजघरातून ती वाकलेली आत्याबाई बाहेर आली. "लेकीनं बापाले सुरतेहून पैसे धाडले तवा नाई तुमाले आठवलं, आपल्यात नाई ते?" विषय संपला. मला १८९० सालचा नोव्हेंबर आठवला, जेव्हा जोतीराव फुल्यांच्या अंत्ययात्रेत अग्नीचे टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले होते. सत्यशोधक विचार वऱ्हाडच्या शेतकरी समाजात विसाव्या शतकाच्या आरंभी खोल रुजला. भटजीवाचून लग्न आणि भटजीवाचून माती हे इथे अनेक घरांत पिढीजात झाले आहे. आत्याबाईंना जोतीरावांचे नाव ठाऊक होते की नाही हे मी विचारले नाही. विचारण्याची ती वेळ नव्हती.

पुढे मुलाच्या हातात विस्तवाचे मडके, मागे ताटी, मागे टाळमृदंग. निम्म्या वाटेवर विसाव्याला ताटी टेकवली, खांदेकऱ्यांनी मागचे पुढे आणि पुढचे मागे असा पालट केला, आणि इथून बाया परतल्या. सुरतेची लेक परतली नाही. चितेवर बाभळीची लाकडे होती, पण खाली भरलेली होती पऱ्हाटी, कापूस वेचून झालेली वाळकी झाडे, ज्यांचा एकेक भारा घराघरांतून येऊन पडला होता. साठ वर्षे ज्याने कपाशी पेरली त्याला पेटवायला कपाशीच होती. मुलाने पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या घातल्या, दर फेरीला मागून दगडाने एक छिद्र पाडले गेले, पाण्याची धार त्याच्या पाठीवरून गेली, मडके फुटले, आणि त्याने उलटा हात तोंडावर नेऊन बोंब मारली. ती बोंब रानापर्यंत गेली.

चिता पेटल्यावर मात्र जे झाले ते पश्चिम महाराष्ट्राच्या माणसाला नवलाचे वाटेल. सर्व मंडळी जवळच्या बाभळीखाली बसली आणि शोकसभा सुरू झाली. माजी सरपंच बोलले, विद्यमान सरपंच बोलले, सोसायटीचे अध्यक्ष बोलले. मृताविषयी थोडे आणि एकमेकांना टोमणे मारीत पुष्कळ. शेवटी एक पोरसवदा तरुण उठला व एवढेच म्हणाला की त्याच्या बापाची जमीन सावकाराकडे जायची वेळ आली तेव्हा या म्हाताऱ्याने आपली बैलजोडी विकली होती. आणि खाली बसला. दोन मिनिटे स्तब्धता झाली. परतताना घराच्या दारात कडुनिंबाचा डहाळा टांगला होता. प्रत्येकाने एक पान चावले, हातपाय धुतले, आणि शेजारच्या तीन घरांतून टोपल्यांत भाकरी आणि पातेल्यांतून पिठले आले. त्या खाऱ्या गावात ते पिठले मला गोड लागले, याचा मी आजतागायत उलगडा करू शकलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून स्नेही मोकळा झाला, आणि तेरवीपर्यंत आठ-दहा दिवस हाती होते, तेव्हा त्यानेच मेळघाटाचा विषय पुन्हा काढला. जाताना वाट वाकडी करून आम्ही पूर्णेकाठच्या ऋणमोचनास थांबलो. पौषातल्या रविवारी इथे यात्रा भरते. मुद्गलेश्वराचे दर्शन घेऊन नदीत बुडी मारली की ऋण फिटते, अशी श्रद्धा. गाडगे महाराजांच्या लोकसेवेचा आरंभ याच घाटावर झाला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी जन्मलेला, बाप दारूपायी गेल्यावर दापुऱ्यास मामाच्या घरी वाढलेला, आणि मामाची शेती सावकाराच्या घशात जाताना पाहिलेला हा परीट जातीचा मुलगा आयुष्यभर कीर्तनातून एकच गोष्ट नाना प्रकारे विचारीत राहिला: मेलेल्याच्या नावाने कर्ज काढून गाव जेवू घालता, तो मेलेला जेवला का? पूर्वजांचे ऋण फेडावे म्हणून सावकाराचे ऋण काढायचे, या हिशेबातली चूक त्यांनी ज्या घाटावर पाहिली त्याचे नावच ऋणमोचन असावे, हा योग मोठा विलक्षण आहे.

त्यांचा स्वतःचा अंत प्रवासातच झाला. बाबासाहेब आंबेडकर गेल्याला जेमतेम दोन आठवडे लोटले होते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीत, त्यांनी देह ठेवला. मी जिथे मरेन तिथेच संस्कार करा, मूर्ती नको, समाधी नको, असे त्यांनी बजावून ठेवले होते. अमरावतीत त्यांची समाधी आहे, मंदिर आहे, आणि त्या साऱ्या वस्तीला गाडगेनगर हे नाव आहे. आम्ही गेलो तेव्हा पुण्यतिथी नुकतीच होऊन गेली होती आणि आवार खराट्याने इतके स्वच्छ झाडलेले होते की आज्ञाभंगाबद्दल महाराजांनी बहुधा तेवढ्यावर क्षमा केली असावी.

अमरावतीहून निघून रिद्धपुरावरून गेलो. गोविंदप्रभूंचे हे गाव महानुभावांची काशी. त्यांच्यात संन्यस्तांना अग्नी देत नाहीत, भूमी देतात, आणि पिंडदानाचे प्रस्थ नाही. पण मला तिथे थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. तेराव्या शतकात श्रीचक्रधर निघून गेल्यावर पोरके झालेले शिष्य या गावी गोविंदप्रभूंच्या आश्रयाला आले, आणि म्हाइंभटांनी त्यांच्याकडून एकेक आठवण विचारून, पडताळून, लिहून घेतली. तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. आपल्या भाषेतील पहिले मोठे गद्य हे अशा रीतीने शोक करणाऱ्यांच्या बैठकीत जन्मले. झूल लाल होती की हिरवी, हेच म्हाइंभटही विचारीत होते.

परतवाडा ओलांडला की सातपुडा उभा राहतो. सेमाडोहच्या पुढे, धारणीच्या वाटेवर, कोरकूंच्या एका गावाबाहेर, रुंद सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा टाकलेल्या अशा त्या गावाबाहेर, झाडाखाली आम्हांला मुंडे दिसले. सागाच्या जाड फळ्या, कमरेएवढ्या. वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला स्वार, त्याखाली हात धरून नाचणाऱ्यांची रांग. नवे मुंडे तांबूस होते, जुने पावसाने राखी झालेले, आणि एकाच्या स्वाराचे तोंड वाळवीने खाल्ले होते. कोरकू मृताला पुरतात. जागा विकत घ्यावी म्हणून खड्ड्यात दोन पैसे टाकण्याची त्यांची रीत रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवली आहे. परंतु पुरल्याने माणूस जात नाही. त्याची 'सिडोली' व्हावी लागते. मुंडा कोरायचा, बकरे द्यायचे, मोहाची काढायची, ढोल-बासरीवर रात्रभर नाचायचे, तेव्हा तो पूर्वजांत सामील होतो. या खर्चाची ऐपत येईपर्यंत वर्षे लोटतात, आणि मग घरातल्या तीन-चार मृतांची सिडोली एकदमच उरकतात.

गावच्या भुमकाने, म्हणजे पुजाऱ्याने, आम्हांला आपल्या बापाचा मुंडा दाखवला. किती वर्षांनी झाली सिडोली, असे विचारले तेव्हा त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि नऊवर थांबला. मग तोवर बाप कुठे होता? माझ्या प्रश्नातला शहाणपणा त्याच्या लक्षात आला असावा, कारण तो हसला. "घरीच," तो म्हणाला. "कुठं जाईन?"

मला त्या उत्तरात गाडगेबाबांच्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे मी म्हणणार नाही. बाबा बरोबरच होते, आणि सिडोलीसाठी दिलेल्या बकऱ्यांचा हिशेब त्या भुमकालाही चुकलेला नव्हता. परंतु ऐपत नसेल तर मृताने नऊ वर्षे थांबावे, सावकाराकडे जाऊ नये, ही सोय डोंगरातल्या माणसाने करून ठेवली आहे आणि खालच्या सुपीक मुलखाने तेरा दिवसांची मुदत स्वतःवर लादून घेतली आहे, हे परतीच्या घाटात माझ्या मनातून जाईना.

तेराव्या दिवशी खारपाणपट्ट्यातल्या त्या अंगणात पंगत बसली. स्नेह्याच्या घराण्यात बुंदी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, एवढाच बेत. बुंदी नाही म्हणून एक व्याही नाराज दिसले, आणि तो खर्च शाळेच्या पाण्याच्या टाकीला देतो असे मुलाने सांगितल्यावर अधिकच नाराज दिसले. मामाने मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवली, आत्याबाईने कुंकू लावले, आणि तेरा दिवस खांबाला टेकून बसलेला तो माणूस उठून उभा राहिला. पंगतीनंतर त्याने कोनाड्यातली लोखंडी पेटी उघडून मास्तरांपुढे ठेवली, कारण फेरफारात वारसांची नोंद घालायला उद्या पटवाऱ्याकडे जायचे होते. सातबाराचे उतारे निघाले, सोसायटीची पावती निघाली, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली कोतवाल बुकाची नक्कल. मास्तरांनी चष्मा लावून ती वाचली.

"बुढा तर ब्याऐंशीचा नोता रे," ते म्हणाले. "शहाऐंशीचा होता."

माजघरातून आत्याबाईचा आवाज आला, "मंग म्या किती वर्साची झाली, ते पाय."

मास्तरांनी कागद पुन्हा उलगडला.